हप्त्याचा फोन बॅगेत घालण्यापूर्वी

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात अमेरिकेतल्या मराठी घरांत दोन याद्या एकाच वेळी होत असतात. एक डिसेंबरात भारतात न्यायच्या सामानाची आणि दुसरी ब्लॅक फ्रायडेला काय स्वस्त मिळतंय त्याची. फोन दोन्ही याद्यांत असतो. आईसाठी, सासऱ्यांसाठी, बारावीला बसलेल्या भाचीसाठी. मग जानेवारी उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर दरवर्षी तोच प्रश्न येतो: फोन सुरू होतो, वायफाय चालतं, फोटो झकास येतात, पण जिओचं सिम जोडलं की पडद्यावर 'सिम नॉट सपोर्टेड' येतं, काय करावं?

तोवर करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. फोन सांगलीत, ज्याच्या नावावर तो घेतला तो न्यू जर्सीत, आणि फोनचं कुलूप, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम चालू न देणारी बंदी, काढायचा अधिकार ज्या कंपनीकडे आहे तिचा कॉल सेंटरवाला खात्यावरची शिल्लक रक्कम वाचून दाखवतो. म्हणून हे आवाहन खरेदीच्या आधी करतोय. मंडळी, इथल्या मोबाइल कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन भारतात कुणालाही देऊ नका. हप्ते पुरते फिटले आहेत आणि कंपनीनं कुलूप काढलं आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तर नाहीच. आणि कुलूप नसलेला फोन घेतलात, तरी तो तिकडच्या नेटवर्कवर चालेल की नाही हे निघण्यापूर्वी तपासा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

भारतातून आलेल्या माणसाला फोनला कुलूप असतं हेच मुळात पटत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्याकडे फोन एका दुकानातून घ्यायचा, सिम दुसरीकडून, आणि पटलं नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, हीच रीत. अपवाद झाले, नाही असं नाही. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपयांत हातात फोन दिला तेव्हा ते सीडीएमए हँडसेट दुसऱ्या कुणाच्या नेटवर्कवर चालत नव्हते. २०१७ चा जिओफोनही जिओपुरताच होता. पण महागडा आयफोन किंवा गॅलॅक्सी घ्यावा आणि तो एकाच कंपनीचं सिम घेईल, असं भारतात सहसा घडत नाही. बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या ईएमआयवर घेतला तरी सिम कुणाचं घालायचं हे आपण ठरवतो.

अमेरिकेत नेमकं उलटं घडत आलं. फोन विकायचं मोठं दुकान इथे मोबाइल कंपनीचंच. पूर्वी दोन वर्षांचा करार केला की सहा-सातशे डॉलरचा फोन दोनशेत मिळायचा आणि उरलेली किंमत महिन्याच्या बिलात गुपचूप वसूल व्हायची. मार्च २०१३ मध्ये टी-मोबाइलनं ही पद्धत मोडली, फोनची किंमत आणि सेवेचं बिल वेगळं केलं. त्याच उन्हाळ्यात टी-मोबाइलची 'जंप', एटी अँड टीची 'नेक्स्ट' आणि व्हेरायझनची 'एज' या योजना एकामागोमाग आल्या. हप्ते भरा, ठरावीक काळानंतर जुना फोन परत करा, नवा घ्या. सप्टेंबर २०१५ मध्ये अ‍ॅपलनं स्वतःची आयफोन अपग्रेड योजना आणली: २४ हप्ते, त्यात अ‍ॅपलकेअरचा विमा, आणि १२ हप्ते भरले की नवा फोन. तेव्हा वाटलं, करार गेला आणि ग्राहक सुटला. प्रत्यक्षात एटी अँड टी आणि व्हेरायझन आज ३६ महिन्यांचे हप्ते लावतात. दोन वर्षांचा करार गेला आणि तीन वर्षांचा आला, एवढाच काय तो फरक, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्लॅक फ्रायडेच्या जाहिरातीतला 'फुकट' फोन म्हणजे काय, हे बिलावर बघा. समजा फोन एक हजार डॉलरचा आहे. कंपनी तो तुम्हाला पूर्ण किमतीलाच विकते, ३६ हप्त्यांवर, म्हणजे महिना २७ डॉलर ७८ सेंट. बिलावर ही रक्कम 'इन्स्टॉलमेंट १ ऑफ ३६' अशी छापून येते. तिच्या खाली तेवढ्याच रकमेचं क्रेडिट वजा केलेलं असतं. बेरीज शून्य. पहिली काही बिलं पाहिली की माणूस निर्धास्त होतो आणि त्या दोन ओळी वाचायचं सोडतो. पण वरच्या ओळीतलं कर्ज खरं आहे, आणि खालच्या ओळीतली सूट तुम्ही त्या कंपनीकडे, बहुधा तिच्या महागड्या प्लॅनवर, टिकून राहिलात तरच पुढच्या महिन्यात येते. चौदाव्या महिन्यानंतर लाइन बंद केलीत, तर क्रेडिट थांबतं आणि उरलेल्या २२ हप्त्यांचे ६११ डॉलर एकदम द्यावे लागतात. 'मग आत्ताच सगळे पैसे भरून कुलूप काढून घेतो' असं म्हणाल, तर काही योजनांत मुदतीआधी कर्ज फेडलं की पुढची क्रेडिटही बंद होतात. म्हणजे फुकटचा फोन पूर्ण किमतीला पडला, वर महागड्या प्लॅनचा भुर्दंड वेगळा. सवलतीच्या अटी बारीक अक्षरात असतात, पण असतात. दुकानातला मुलगा त्या वाचून दाखवणार नाही. त्याला कमिशन विक्रीवर आहे.

आता कुलपाचे नियम. फोन अनलॉक करणं हा एके काळी इथे गुन्हा ठरू शकत होता. जानेवारी २०१३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या एका निर्णयानं, कंपनीच्या परवानगीशिवाय नव्या फोनचं कुलूप काढण्याला कॉपीराइट कायद्यातली सूट राहिली नाही. लोकांनी ओरड केली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी अनलॉकिंगला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. हा कायदा ऐकून माहीत असलेले बरेच लोक 'कंपनीला कुलूप काढून द्यावंच लागतं' असं छातीठोक सांगतात. ते अर्धसत्य आहे. कुलूप काढलंत तर गुन्हा होत नाही, इतकंच तो कायदा म्हणतो. फोन कधी उघडून द्यायचा याच्या अटी कंपनी ठरवते, आणि त्यातली पहिली अट जवळपास सगळीकडे एकच: पैसे पूर्ण फिटलेले हवेत. एटी अँड टीवर त्याखेरीज फोन किमान ६० दिवस चालू खात्यावर वापरलेला असावा लागतो. टी-मोबाइलवर मासिक बिलाच्या खात्याला ४० दिवस, आणि प्रीपेड असेल तर ३६५ दिवस. वॉलमार्ट-टार्गेटच्या भिंतीवर लटकणारे साठ-सत्तर डॉलरचे प्रीपेड फोन 'गावाकडे वाटायला बरे' म्हणून चार-पाच घेणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

व्हेरायझनबद्दल एक जुना सल्ला अजून फिरतो: 'त्यांचा घे, दोन महिन्यांत आपोआप उघडतो, हप्ते बाकी असले तरी.' हे खरं होतं. २००८ च्या लिलावात त्या कंपनीनं ७०० मेगाहर्ट्झच्या ज्या लहरी घेतल्या त्यांना फोन खुले ठेवण्याची अट जोडलेली होती, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं, एफसीसीनं, फसवणूक टाळण्यासाठी ६० दिवसांचं कुलूप लावायची तिला मुभा दिली. मे २०२५ मध्ये कंपनीनं ६० दिवसांनी फोन उघडून देण्याचा नियमही माफ करावा अशी मागणी एफसीसीकडे केली. तेव्हा तो सल्ला पुढे पाठवणं आता थांबवा. ज्या दिवशी खरेदी कराल त्या दिवशीचं अनलॉक धोरण कंपनीच्या साइटवर वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नाही, हेही सांगून टाकतो. खोट्या ओळखपत्रावर हप्त्याचे फोन उचलून परदेशी विकणाऱ्या टोळ्या आहेत, आणि कुलूप हा त्यांच्यावरचा सोपा इलाज. पण त्या कुलपात टोळीबरोबर तुमची आईही अडकते.

आणि आता कॅलेंडर बघा. ब्लॅक फ्रायडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मुंबईची विमानं भरतात डिसेंबरच्या विशीच्या आसपास. मधे जेमतेम तीन-चार आठवडे. पैसे रोख मोजून टाकलेत तरी ना ४० दिवस होतात, ना ६०. कंपनीच्या दुकानातून ब्लॅक फ्रायडेला घेतलेला फोन नाताळच्या सुट्टीत भारतात चालेल, अशी सोयच या हिशोबात बसत नाही.

मग घ्यायचा कसा? अ‍ॅपलच्या साइटवर किंवा दुकानात फोन निवडताना शेवटाकडे एक पायरी येते: तिथे मोबाइल कंपन्यांची नावं असतात आणि त्यांच्या खाली, जरा दुर्लक्षित, 'कनेक्ट टू एनी कॅरिअर लेटर' असा पर्याय. तो घ्या. कंपनीच्या नावापुढची सूट आकर्षक दिसेल, ती या फोनसाठी विसरा. सॅमसंग आणि गूगल आपापल्या साइटवर 'अनलॉक्ड' मॉडेल वेगळं विकतात. बेस्ट बायसारख्या दुकानात डब्यावर 'अनलॉक्ड' छापलेलं आहे का ते पाहा. शंका आली तर पावतीवर तो शब्द लिहून मागा. हप्त्यानेच घ्यायचा असेल तर स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घ्या. ते कर्ज तुमचं आणि बँकेचं, फोनच्या सिमशी त्याचा संबंध येत नाही.

अपग्रेड योजनांचं वेगळं सांगावं लागतं, कारण तिथला घोळ कुलपाचा नसतो. अ‍ॅपलच्या योजनेतला फोन खुलाच असतो. पण 'वर्षाकाठी नवा फोन' या वचनाची दुसरी बाजू म्हणजे वर्षाकाठी जुना फोन चांगल्या स्थितीत परत करणं. मोबाइल कंपन्यांच्या अपग्रेड योजनांतही तेच: किमतीचा ठरावीक भाग फेडा, हातातला फोन जमा करा, नवा उचला. त्यातला फोन एकदा बाबांना पुण्यात देऊन आलात की परत काय करणार? बाबांकडून मागून आणणार? तो फोन घरातच ठेवायचा तर उरलेले हप्ते तुम्हीच फेडायचे आणि अपग्रेडसाठी दरमहा जी जादा फी भरलीत ती पाण्यात. जो माणूस दरवर्षी जुना फोन भारतात कुणाला तरी देतो, त्याला अपग्रेड योजना कामाची नाही. त्यानं फोन सरळ विकत घ्यावा आणि तीन वर्षं वापरावा.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना हे आवाहन अधिक कळकळीनं आहे. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत घराचं भाडं, गाडीचं कर्ज, मुलांची शाळा हे सगळं आठवतं. कुटुंबाच्या प्लॅनवरच्या चार फोनांचे हप्ते आठवत नाहीत. लाइन बंद केली की चारही फोनांची बाकी एका बिलात येऊन पडते, क्रेडिट सगळी जातात, आणि पैसे न भरता निघालात तर मागे वसुलीवाले लागतात, क्रेडिट स्कोअर खाली येतो, फोनाचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काळ्या यादीत जाऊ शकतो. आणि एवढं करून ते चार फोन नागपुरात उतरल्यावर चालणारही नाहीत. ज्यांच्या डोक्यावर अशी टांगती तलवार आहे त्यांनी या वर्षी हप्त्यावर नवा फोन घेऊच नये. आधीच घेतलेले असतील तर प्रत्येकाची आजची बाकी किती, हे आज रात्री कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बघून कागदावर लिहून ठेवा.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे तिकडचं नेटवर्क. फोन खुला आहे, म्हणजे कुठलंही सिम घ्यायला तो नाही म्हणत नाही. पण त्या नेटवर्कच्या लहरी त्याला पकडता आल्या पाहिजेत, आणि त्या नेटवर्कवर आवाजाचा कॉल करता आला पाहिजे.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही. फक्त ई-सिम. जिओ, एअरटेल, व्ही हे तिघंही ई-सिम देतात, त्यामुळे फोन चालतो. प्रश्न वापरणाऱ्याच्या सवयीचा आहे. सत्तरीतल्या माणसाला फोन बिघडला तर सिम काढून जुन्या फोनात घालायची सवय असते. ई-सिमला ते जमत नाही. पुन्हा क्यूआर कोड, पुन्हा कंपनीचं दुकान किंवा संदेश, आणि पुन्हा ओळख पटवणं. शिवाय भारतात सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात, त्यामुळे बँकेचा ओटीपी येत नाही. हा नियम फसवणूक रोखण्यासाठी आहे आणि योग्यच आहे, पण नवा फोन सुरू करण्याचा मुहूर्त पेन्शनच्या दिवशी किंवा मुदत ठेव नूतनीकरणाच्या दिवशी काढू नका. तुम्ही तिकडे असतानाच, पहिल्या दोन-तीन दिवसांत, आईवडिलांना घेऊन कंपनीच्या दुकानात जा आणि ई-सिम करून घ्या. तुम्ही परतल्यावर हे काम फोनवरून सांगून होत नाही. आणि 'तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेला कोड सांगा' असं सांगणाऱ्या कुणाचाही फोन आला तर ठेवून द्या, हे त्यांना दहा वेळा बजावा. त्या एका कोडावर नंबर चोराच्या फोनात जातो, आणि नंबराबरोबर बँकेचे ओटीपीही.

ज्यांना ई-सिमची भीती वाटते त्यांच्यासाठी भारतातच फोन घ्या. तिथल्या आयफोनांच्या बहुतेक मॉडेलांत ट्रे आहे, बिल तिथलं, हमी तिथली, दुरुस्तीचं दुकान घराजवळ. डॉलरमध्ये वाचलेले शंभर-दीडशे या सोयीपुढे किरकोळ आहेत.

अँड्रॉइडबाबत अधिक सावध राहायला हवं, कारण एकाच नावाच्या फोनाची अमेरिकी आणि भारतीय मॉडेलं आतून वेगळी असतात. जिओच्या ४जी लहरी १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या आहेत, तंत्रज्ञांच्या भाषेत बँड ३, ५ आणि ४०. अमेरिकेत बँड ४० वर कुणी मोबाइल सेवा देत नाही, त्यामुळे इथल्या बाजारासाठी बनलेल्या स्वस्त फोनांत तो पुष्कळदा नसतो. मग शहरात खिडकीजवळ रेंज येते आणि स्वयंपाकघरात जाते. दुसरी खोच अशी की जिओला २जी-३जी नाहीच. २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून त्यांच्याकडे आवाजाचा प्रत्येक कॉल ४जीवरूनच, व्हीओएलटीई पद्धतीनं जातो. फोनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओसाठी ती सोय नसेल तर इंटरनेट धो-धो चालतं आणि साधा कॉल लागत नाही. म्हणून मॉडेल क्रमांक घ्या. फोनचं विक्रीचं नाव कामाचं नाही, सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली जो अक्षरं-आकड्यांचा क्रमांक असतो तो हवा. तो घेऊन निर्मात्याच्या साइटवर बँडची यादी उघडा आणि ४जीला ३, ५, ४०, आणि ५जीला एन२८ व एन७८ आहेत का बघा. यात पाच मिनिटं जातात.

उलट दिशेनं येणाऱ्यांनाही हे लागू आहे. ऑगस्टमध्ये एमएस करायला येणारी मुलं पुण्या-मुंबईतून नवाकोरा फोन घेऊन उतरतात. तो खुलाच असतो, त्यामुळे चालेल असं गृहीत धरतात. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीनं ३जी बंद केलं आणि त्यानंतर आपल्या मंजूर यादीत नसलेले फोन ती कंपनी नेटवर्कवर घेत नाही. भारतासाठी बनलेली विवो, रेडमी, रियलमीची बरीच मॉडेलं त्या यादीत सापडत नाहीत, लहरी जुळत असल्या तरी. व्हेरायझननं २०२२ च्या अखेरीस आपलं सीडीएमए बंद केलं, तिथेही आता फोनात व्हीओएलटीई असलंच पाहिजे. टी-मोबाइल त्यातल्या त्यात उदार, पण तिची दूरवर पोचणारी ६०० मेगाहर्ट्झची लहर, बँड ७१, भारतीय मॉडेलांत क्वचितच असते. विद्यापीठाच्या गावात चालेल, महामार्गावर पंचवीस मैल गेल्यावर चालेलच असं नाही. आणि हा नुसता सोयीचा विषय नाही: व्हीओएलटीई नसलेल्या फोनावरून ९११ लागेल याचा भरवसा नाही. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत तर हे आधी तपासा. कंपन्यांच्या साइटवर 'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस' अशी सोय असते. तिथे आयएमईआय घातला की उत्तर मिळतं. आयएमईआय मिळवायला कुठल्याही फोनवर *#०६# दाबायचं. मुंबईत असतानाच दाबा, म्हणजे फोन बदलायचा झाला तर वेळ असतो.

जुना फोन घेणाऱ्यांनी, मग तो क्रेगलिस्टवरचा असो की ओळखीच्या सद्गृहस्थांचा, विकणाऱ्याचे हप्ते संपलेत का हे विचारायला लाजू नये. आज खुला, स्वच्छ दिसणारा फोन विकणाऱ्यानं हप्ते बुडवल्यावर तीन महिन्यांनी काळ्या यादीत जाऊ शकतो. पैसे देण्यापूर्वी त्याच्या कंपनीच्या खात्यात बाकी शून्य असल्याचं त्याच्याच फोनवर बघा, आणि आयफोन असेल तर त्याच्या अ‍ॅपल खात्यातून तो बाहेर काढून घ्या.

कुलूप असलेला फोन भारतात पोचलाच असेल, तर दोन गोष्टींपासून दूर राहा. एक, आयएमईआय आणि पन्नास डॉलर मागणाऱ्या अनलॉकच्या साइट. दुसरी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या मोबाइल दुकानापर्यंत मिळणारी, सिमखाली चिकटवायची ती चिप. जुन्या फोनांत ती कशीबशी चालायची आणि अ‍ॅपलच्या एखाद्या अपडेटनंतर मान टाकायची. ट्रे नसलेल्या फोनात चिकटवणार कुठे? अशा वेळी रीतसर मार्ग एकच: ज्याच्या नावावर खातं आहे त्यानं इथे बाकी भरायची, दिवसांची अट पूर्ण झाली की कंपनीच्या साइटवर अनलॉकची विनंती करायची, आणि मंजुरी आल्यावर तिकडे फोन वायफायवर ठेवून पुन्हा सुरू करायचा. दिवस भरायचे असतील तर फोन अमेरिकेतल्या लाइनवर चालू असावा लागतो, हे लक्षात घ्या. म्हणजे कधी कधी तो परत आणण्यावाचून गत्यंतर नसतं.

गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांना एक विनंती. ऑगस्टमध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी जे मेळावे होतात त्यात बँक खातं, गाडीचा परवाना, आरोग्य विमा यांबद्दल कुणीतरी बोलतंच. त्यात पंधरा मिनिटं फोनला द्या. टेबलावर एक माणूस बसवा, मुलांचे आयएमईआय तिन्ही कंपन्यांच्या साइटवर घालून बघा. आणि नोव्हेंबरात, सूट सुरू व्हायच्या आधी, गटावर एवढंच टाका: भारतात न्यायचा फोन कंपनीच्या हप्त्यावर नको.

या डिसेंबरात जाणाऱ्यांनी विमानाच्या आदल्या दिवसाची वाट पाहू नये. भेट म्हणून न्यायचा प्रत्येक फोन आज सुरू करा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट, आणि तिथे 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं असायला हवं. अँड्रॉइडवर शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून एक कॉल लावून बघा. कॉल लागला नाही किंवा त्या ओळीत दुसरं काही दिसलं, तर परत करायची मुदत संपण्याआधी तो फोन दुकानात देऊन या, आणि त्याच पैशांत खुला घ्या.